अवतरण आणि आज्ञा : इन्ग्रेस-एनजिन्क्समधील दोषांची भाषिक चिकित्सा

संगणकीय सुरक्षेचे काही दोष मूलतः भाषेचे दोष असतात. कुबरनेटिस या कंटेनर-व्यवस्थापन प्रणालीबरोबर वापरल्या जाणाऱ्या इन्ग्रेस-एनजिन्क्स या घटकातील जे दोष २४ मार्च २०२५ रोजी जाहीर झाले, ते याच वर्गातील होत. त्यांचे मर्म वाक्यरचनेत आहे. सबब त्यांवरील उपायांची परीक्षाही त्याच कसोटीवर व्हावयास हवी.

कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्राम त्याच्या आवश्यक साहित्यासह बंदिस्त करून चालविण्याची सोय. बाहेरून येणाऱ्या मागण्या कोणत्या कंटेनरांकडे वळवाव्यात, हे वापरकर्ता निवेदनरूपाने लिहून देतो. इन्ग्रेस-एनजिन्क्स त्यातील मूल्ये एका साच्यात भरतो व एनजिन्क्स या सर्व्हरला समजणाऱ्या दुसऱ्या भाषेत मजकूर तयार करतो. या भाषेत अर्धविरामाने आज्ञा संपते. पत्ता म्हणून दिलेल्या मूल्यातच अर्धविराम आणि नवी ओळ आली, की पुढील मजकूर पत्ता राहत नाही. तो स्वतंत्र आज्ञा बनतो.

शब्दाचा निर्देश आणि शब्दाचा वापर यांतील भेद व्याकरणशास्त्राला नवा नाही. सूत्रातील शब्द, तो पारिभाषिक संज्ञा नसल्यास, स्वतःच्या रूपाचाच वाचक मानावा, असा दंडक पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायात घालून दिला आहे. मराठीतही ‘जा, असे तो म्हणाला’ हे वाक्य ऐकून कोणी उठून चालू लागत नाही. ‘असे’ हा शब्द अवतरणाची सीमा राखतो. साच्यात अशी सीमाच नव्हती.

परिणाम गंभीर होता. सीव्हीई-२०२५-१९७४ या दोषाची तीव्रता १० पैकी ९.८ ठरविण्यात आली. निवेदन स्वीकारण्यापूर्वी तयार मजकुराची चाचणी होत असे. परंतु काही आज्ञा चाचणीतच अमलात येत. तपासणीसाठी वाचणे हेच आज्ञापालन ठरले. अंतर्गत जाळ्यात पोहोचलेल्याला त्यासाठी ओळखही पटवावी लागत नसे, आणि मूळ मांडणीत या घटकाला सर्व विभागांतील गुप्त किल्ल्या वाचण्याची मुभा होती.

उपायांचे स्वरूप मात्र दीर्घकाळ शब्दकोशीय राहिले. २०२१ मध्ये वापरकर्त्याने थेट लिहिलेल्या आज्ञांच्या तुकड्यांतून असाच धोका उघड झाला. ते तुकडे बंद करण्याची, तसेच निषिद्ध शब्दांची यादी लावण्याची सोय पुढे करण्यात आली. परंतु शब्द स्वभावतः निषिद्ध नसतो; वाक्यातील स्थान त्याला आज्ञा बनविते. यादी निरुपद्रवी पत्ता अडविते आणि तिच्यात नसलेला शब्द सोडून देते. २०२३ मध्ये याच प्रकारचे दोष पुन्हा आढळले, यात नवल नाही. २०२५ मध्ये चाचणीच वगळण्यात आली. त्यायोगे सर्वांत मोठे द्वार बंद झाले. परंतु प्रामाणिक चूक वेळीच पकडण्याचे साधनही गेले. ही किंमत त्या घडीला अपरिहार्य होती, तरी तिला मूळ दोषाचे निराकरण म्हणता येत नाही.

खरा उपाय रचनेचा आहे. प्रथम आज्ञांचा वृक्ष बांधावा, मूल्य त्यातील एक पान मानावे, आणि मजकुरात उतरविताना लक्ष्यभाषेच्या नियमांनी त्याला अवतरणात बांधावे. एनजिन्क्सच्या भाषेत मूल्यातच चलपदे येत असल्याने हे काम सोपे नाही, हे मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा प्रकल्प निवृत्त करण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि देखभालीची मुदत मार्च २०२६ पर्यंत ठरली. तथापि परक्याच्या शब्दांतून दुसऱ्या भाषेत वाक्ये रचणारी प्रत्येक प्रणाली याच दोषाची वारसदार आहे.