धृतराष्ट्राचा प्रश्न

केंद्रीय विधी आयोगाने जुलै २०१८मध्ये जुगार आणि क्रिकेटवरील सट्टा या विषयावर आपला २७६वा अहवाल दिला. सट्टा कायदेशीर करावा का, हे आयोगाने तपासावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली क्रिकेट नियामक मंडळाच्या खटल्यात सुचवले होते. या अहवालातल्या एका विधानाची तेव्हा बरीच थट्टा झाली. महाभारतकाळी जुगाराचे नियमन असते, तर युधिष्ठिराला भावांना आणि पत्नीला पणाला लावता आले नसते, असे ते विधान. मला ते थट्टेवारी नेण्यासारखे वाटत नाही. अहवालाची सारी भिस्त ज्या कल्पनेवर आहे, ती इथे उघडी पडते.

सभापर्व काढून पाहावे. तो डाव कुठल्या चोरट्या अड्ड्यावर झालेला नाही. धृतराष्ट्राने त्यासाठी मुद्दाम सभा बांधवून घेतली, विदुराला इंद्रप्रस्थास धाडून रीतसर आमंत्रण दिले. भीष्म, द्रोण, कृप समोर बसले होते. पण दुर्योधनाचा आणि फासे शकुनीच्या हातात, ही एकासाठी दुसऱ्याने खेळण्याची रीत युधिष्ठिराला खटकली. त्याने ते बोलूनही दाखवले, आणि तरी डाव मांडला गेला. अनुद्यूताच्या वेळी तर बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास ही अट आधीच ठरली होती. परवानगी, ठरलेली जागा, साक्षीदार, अटी, सगळे होते. उणीव निराळीच होती. द्रौपदी पणाला लागली तेव्हा धृतराष्ट्राला आपला आनंद लपवता येईना. जिंकले का, काय जिंकले, असे तो पुन्हा पुन्हा विचारू लागला. ज्याने डाव आवरायचा, त्याचाच जीव डावात अडकला होता.

जुगाराला परवानगी द्यावी की बंदी घालावी, या वादात हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. आपल्याच राज्याचे पाहा. १८८७चा जुगारप्रतिबंधक कायदा अजून आहे. त्यात घोड्यांच्या शर्यतींना वाट ठेवलेली आहे. १९६९पासून सरकार स्वतः लॉटरी विकत आले आहे. मटक्याच्या अड्ड्यावर सापडलेला मात्र गुन्हेगार. १९७६ साली कॅसिनोंचा कायदा संमत झाला आणि तो एक दिवसही अमलात न आणता २०२३मध्ये रद्द करण्यात आला. सत्तेचाळीस वर्षे आपल्याला हो म्हणवले नाही आणि नाहीही म्हणवले नाही! शेजारी मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे उभी आहेत, पण २०२०पासून गोमंतकीयांना तिथे खेळायला मज्जाव आहे. पाहुण्याचे पैसे चालतात, घरच्याने मात्र त्या पायरीला शिवू नये. जुगाराविषयी सरकारचे खरे मत काय, ते या एका नियमात वाचता येते.

आयोगालाही हे जाणवले असावे. बंदी इष्टच, पण ती राबवता येत नसेल तर नियमन करा, असा त्याचा सूर आहे. अनुदान घेणाऱ्यांना आणि आयकराच्या कक्षेबाहेरच्यांना जुगारापासून दूर ठेवा, असेही तो सांगतो. हेतू चांगला आहे. पण लॉटरीच्या टपरीसमोर संध्याकाळी उभा असतो तो कोण? ज्याला दाराबाहेर ठेवायचे, त्यालाच तिकीट विकायचे, याची संगती अहवाल लावत नाही.

प्राचीन दाखला हवाच होता, तर र. पं. कंगले यांनी संपादिलेल्या ‘अर्थशास्त्रा’च्या तिसऱ्या अधिकरणाचा शेवटचा अध्याय हाताशी होता. मनू द्यूताला उघड चोरी म्हणून राज्यातून हद्दपार करतो. कौटिल्य द्यूताध्यक्ष नेमतो, एकाच जागी खेळायला लावतो, दुसरीकडे खेळणाऱ्यास १२ पण दंड सांगतो आणि जिंकलेल्या रकमेवर शेकडा ५ घेतो. परवानगीवाले हे आनंदाने सांगतात आणि इथेच थांबतात. खरी मेख पुढे आहे. तंटा राजापुढे आला तर जिंकणाऱ्यापेक्षा हरणाऱ्याला जास्त दंड करावा, असे आधीच्या आचार्यांचे मत. कौटिल्य ते खोडून काढतो: असे केले तर राजाकडे कोणी येणारच नाही, आणि जुगारी तर बहुधा लबाडीनेच खेळतात.

नियमनाच्या बाजूचा याहून भक्कम युक्तिवाद मला कुठे आढळला नाही. मटक्यात फसलेला माणूस पोलिसांकडे जाऊ शकत नाही, कारण तो स्वतःच आरोपी होतो. आणि १८७२च्या करार कायद्याने पैजेचा करारच निरर्थक असल्याने दिवाणी न्यायालयाचे दारही त्याला बंद. २०२५च्या ऑनलाइन खेळांविषयीच्या केंद्रीय कायद्याने पैशांचे खेळ सरसकट बंद केले, पण खेळणाऱ्याला शिक्षा ठेवली नाही. बंदीबद्दल मला शंका आहे, एवढी गोष्ट मात्र कौटिल्याच्या वळणाची आहे. म्हणून मी परवानगीच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: नियम करणाऱ्या हाताने गल्ल्यातला वाटा घेऊ नये. ही अट कौटिल्यालाही झेपली नाही. त्याचे शेकडा ५ कोशातच जात होते.

सभापर्वातही तक्रार झाली होती. जो आधी स्वतःलाच हरला, तो मला पणाला लावू शकतो का, असे द्रौपदीने विचारले. धर्म सूक्ष्म आहे एवढेच भीष्म म्हणाला. विकर्ण तिच्या बाजूने उभा राहिला, त्याला कर्णाने गप्प बसवले. राजा समोरच बसला होता.