जटिल समस्या आणि प्रणालीलक्षी संकल्पन : महाराष्ट्रातील जलसंधारणाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

शासकीय विभाग, विद्यापीठे, रुग्णालये यांसारख्या संस्थांपुढील अनेक प्रश्न एका खात्याच्या कक्षेत मावत नाहीत. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ मध्ये अशा प्रश्नांचे स्वरूप स्पष्ट केले. हे प्रश्न निश्चित शब्दांत मांडता येत नाहीत, त्यांचे अंतिम उत्तर नसते आणि प्रत्येक उपाय परिस्थितीच बदलून टाकतो. अशा प्रश्नांना सामोरे जाण्यासाठी प्रणाली-विचार आणि संकल्पनशास्त्र यांचा मेळ घालणारी ‘सिस्टेमिक डिझाइन’ ही विचारधारा पुढे आली. येथे तिला ‘प्रणालीलक्षी संकल्पन’ म्हटले आहे. २०१२ मध्ये ऑस्लो येथे या विषयावरील परिसंवादांची मालिका सुरू झाली, तर २०२१ मध्ये ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने यासंबंधीची आपली चौकट प्रसिद्ध केली. ही पद्धती स्वीकारणे म्हणजे संस्थेने नेमके काय स्वीकारणे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

संकल्पनेचे स्वरूप

या पद्धतीत समस्येशी संबंधित घटकांचा परस्परसंबंध दाखविणारा नकाशा तयार करणे, सर्व संबंधितांना एकत्र आणणे, लहान प्रयोग करणे आणि त्यांतून शिकणे यांवर भर असतो. ही साधने उपयुक्त आहेत, यात शंका नाही. मात्र डोनेला मेडोज यांनी १९९९ मध्ये प्रणालीतील हस्तक्षेपाच्या १२ स्थानांची जी उतरंड मांडली, तिच्यात आकडे आणि अनुदाने यांना सर्वांत खालचे स्थान आहे. नियम, उद्दिष्टे आणि मूळ धारणा यांचे स्थान वरचे आहे. त्याचप्रमाणे प्रणालीची सीमा कोण आखतो आणि कोणाला तिच्याबाहेर ठेवतो, हा प्रश्न वेस्ट चर्चमन व वर्नर उलरिच यांनी कळीचा मानला. संस्था ही पद्धती स्वीकारताना नकाशा घेतात. नियम आणि सीमा यांना मात्र हात लावत नाहीत. प्रस्तुत चिकित्सेचा मुख्य आक्षेप हाच आहे.

जलयुक्त शिवार : ताळेबंद आणि सीमा

महाराष्ट्रातील जलसंधारण हे याचे बोलके उदाहरण होय. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने दरवर्षी ५,००० गावे टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट ठेवले. आराखड्याच्या पातळीवर या अभियानाची दृष्टी प्रणालीलक्षीच होती. विविध विभागांचे एकत्रीकरण, पाणलोट हे नियोजनाचे एकक आणि गावनिहाय पाण्याचा ताळेबंद या सर्व बाबी त्यात समाविष्ट होत्या. तथापि भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२० मधील अहवालाने सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च होऊनही भूजलपातळी वाढविण्यात अभियानाला फारसे यश आले नाही, असा निष्कर्ष काढला.

या अपयशाचे कारण केवळ अंमलबजावणीतील शैथिल्यात शोधणे अपुरे ठरेल. ताळेबंदाला जमा आणि खर्च अशा दोन बाजू असतात. अभियानाची यंत्रणा जमेच्या बाजूने, म्हणजे बंधारे, शेततळी आणि नाला खोलीकरण यांच्या संख्येने, आपले यश मोजत राहिली. ऊस, कृषिपंपांची वीज आणि विंधनविहिरींची खोली हे खर्चाच्या बाजूचे निर्णय तिच्या सीमेबाहेर राहिले. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अमलात आला. म्हणजे उपसा नियंत्रणाला कायद्याचा आधारही होता. परंतु दृश्य कामांचे श्रेय घेता येते, उपशावरील बंधनाची मात्र राजकीय किंमत मोजावी लागते. ताळेबंद मांडला गेला. त्यावरून निर्णय घेण्याचा अधिकार मात्र कोणाकडेच सोपविला गेला नाही.

पाणी पंचायत : नियमांचे संकल्पन

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे उभा केलेला पाणी पंचायतीचा प्रयोग याच्या उलट दिशेने गेला. त्याचा आरंभच नियमांपासून झाला. पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरला. भूमिहीनांचाही त्यात वाटा मानला गेला, उसाला पाणी नाकारले गेले आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, असे ठरले. या प्रयोगाने ‘पाणी कोणाचे’ ही मूळ धारणाच बदलली. त्या काळी प्रणालीलक्षी संकल्पन हे नाव रूढ नव्हते. पण मेडोज यांच्या उतरंडीतील वरच्या स्थानांवरील हस्तक्षेप तो हाच. हिवरे बाजारनेही पावसाच्या मोजमापावरून पीकनियोजन आणि सिंचनासाठी विंधनविहिरींना बंदी या मार्गाने तेच सूत्र ग्रामसभेच्या बळावर राबविले.

मर्यादा

असे असले तरी या प्रयोगांचा गौरव करून थांबणे योग्य नव्हे. पाणी पंचायतीचे तत्त्व राज्यव्यापी झाले नाही. परस्परविश्वास असलेल्या लहान समूहाने स्वतःवर घातलेली बंधने हजारो गावांवर शासन आदेशाने लादता येत नाहीत. लहान प्रयोगाकडून मोठ्या व्यवस्थेकडे जाण्याचा मार्ग दाखविताना प्रणालीलक्षी संकल्पनाचे साहित्य बहुधा सहभाग आणि संवाद यांवर विसंबते. हितसंबंधांचा संघर्ष कार्यशाळेत मिटत नाही, हे ते पुरेशा स्पष्टपणे मान्य करीत नाही. विहिरीचा मालक आणि पाण्यावाचून राहिलेला मजूर एकाच वर्तुळात बसले, म्हणून त्यांचे बळ समान होत नाही.

निष्कर्ष

जलयुक्त शिवारचा दुसरा टप्पा २०२३ पासून राबविण्यास प्रारंभ झाला. त्याचे मूल्यमापन करताना किती कामे झाली यापेक्षा कोणते नियम बदलले, हे पाहणे अगत्याचे ठरेल. हीच कसोटी ही पद्धती स्वीकारू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेस लागू पडते. संस्थेने आपली सीमा, आपले निकष आणि आपले अधिकार हेही संकल्पनाचे विषय मानले, तरच स्वीकार खरा मानावा लागेल. अन्यथा जुन्या कारभारावर नवा नकाशा टांगला, इतकेच त्याचे फलित राहील.