बोधकथेतले मूल कोणाचे?

मराठी बालसाहित्याची चर्चा निघाली की दोन प्रश्न ठरलेले असतात : भाषा सोपी आहे काय, आणि चित्रे चांगली आहेत काय. गोष्टीतले मूल कोणत्या वस्तीतले, हा तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्राथमिक शिक्षकाला मात्र तो टाळता येत नाही. रोजच्या परिपाठात त्याला बोधकथा सांगावी लागते. समोर विडी कामगार बाईची पोर असते, ऊसतोड मजुराचा मुलगा असतो, सेटलमेंटमधला कैकाडी असतो. आणि बोधकथेत गरीब ब्राह्मण, दयाळू राजा व लबाड कोल्हा. या तिघांत सोलापूरच्या पोरांना त्यातल्या त्यात कोल्हाच जवळचा.

'श्यामची आई' (१९३५) घेऊ. साने गुरुजींच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी आमच्याच जिल्ह्यात, पंढरपूरला, उपोषण केले. पण पुस्तकातल्या महार म्हातारीच्या प्रसंगाकडे पाहा. तिची मोळी उचलून द्यायला आई श्यामला सांगते. म्हातारी त्या प्रसंगापुरती येते. गोष्ट श्यामच्या संस्काराची आहे. हा प्रसंग वर्गात वाचला जातो तेव्हा सवर्ण मूल सहज श्याम होते. आमच्या मुलाने कोण व्हायचे? मोळीखालची म्हातारी? करुणेच्या साहित्याची ही मर्यादा आहे, आणि गुरुजींचा अनादर न करता ती सांगता येते.

वास्तविक मराठीत दलित मुलाने फार आधी लिहिले आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. मुलांसाठीचे 'आनंद' मासिक निघाले १९०६ साली, म्हणजे ५१ वर्षांनी. तरी बालसाहित्याचा विचार करताना मुक्ता आपल्याला आठवत नाही. ती समाजसुधारणेच्या खात्यावर जमा!

पुढे 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४) यांत दलित-भटक्यांचे बालपण आले. शरणकुमार लिंबाळे यांचे हन्नूर तर अक्कलकोट तालुक्यातले. पण हे बालपण प्रौढांनी प्रौढांसाठी लिहिलेले. त्यातली भूक आठ वर्षांच्या मुलाला सांगावी काय, असे काही शिक्षक विचारतात. ज्याने ती पाहिली आहे त्याच्यापासून ती लपवण्यात काय अर्थ? मात्र आत्मकथनांचे तुकडे कापून बालकथा होणार नाहीत. वस्तीतले मूल भांडते, खोड्या काढते, चिंचेवर चढते. त्याला दुःखाचा नमुना म्हणून उभे करणे हीही एक प्रकारची दयाच. हैदराबादच्या 'अन्वेषी'ने २००८ मध्ये 'डिफरंट टेल्स' ही माला काढली. तीत गोगू श्यामला यांच्यासारख्या लेखिकेने दलित मुलाला गोष्टीचा नायक केले. तेलुगूत जे झाले ते, एवढे तेलुगूभाषक असलेल्या आपल्या शहराला परके वाटू नये.

साधनांची अडचण आता पूर्वीइतकी नाही. नोव्हेंबर १९७१ पासूनचे 'किशोर'चे अंक बालभारतीने संगणकावर विनामूल्य ठेवले आहेत. परितेवाडीच्या (ता. माढा) जिल्हा परिषद शाळेत शिकवताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. कोडाचे कौतुक फार झाले. मला त्याहून मोलाचे वाटते ते त्यांनी मुलांच्या कन्नडमध्ये धडे नेले, हे. कोड उघडला तरी आत तोच गरीब ब्राह्मण निघाला, तर पोराच्या हाती काय लागले?

परिपाठातली आठवड्याची एक गोष्ट शिक्षकांनी मुलांच्या आज्यांकडून घ्यावी. कैकाडी, वडारी, कन्नड, तेलुगू, जी बोली असेल तीत वहीत उतरवावी आणि सांगणाऱ्या आजीचे नाव वर घालावे. शुद्धलेखन नंतर पाहता येईल.