धून कुणाची, राग कुणाचा?

कुमार गंधर्व १९४८ साली माळव्यातल्या देवासला राहायला गेले ते हवापालटासाठी. वय पंचविशीच्या आत, क्षय झालेला, डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं. कान मात्र उघडे होते. लग्नाघरच्या बाया, रस्त्यानं निर्गुणी भजनं गात जाणारे भिक्षेकरी, सणावाराची गाणी हे सगळं ते वर्षानुवर्षं ऐकत राहिले. पुढे त्यांनी माळवी धुना जमवल्या, त्यांची स्वरलिपी केली. त्या धुनांतून मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी असे राग आले. यांना ते ‘धुनउगम राग’ म्हणत.

इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते आणि ती नेहमी कौतुकानं सांगितली जाते: मातीतलं गाणं उचललं आणि त्याला शास्त्राचं सोनं केलं. मला हे ‘सोनं केलं’ खटकतं. धून म्हणजे कच्चा माल आणि राग म्हणजे पक्का, असं त्यात गृहीत आहे. कुमारांचं म्हणणं जवळजवळ उलटं होतं. धून आधीची, राग तिच्यातून उगवलेला. नावातच ‘उगम’ आहे.

लगनगंधार ऐका. दोन्ही गंधार आहेत आणि सगळा जीव त्यांच्यातच. कुमार तान लांबवत नेत नाहीत, मध्येच तोडतात, पुन्हा त्याच जागी येतात. माझ्या कानाला ही तुटकी फेक शेतातल्या गाण्याची वाटते. साकोलीच्या आसपास धानाच्या रोवणीत बाया वाकून, मागे मागे सरकत पऱ्हे लावतात. वाकलेल्या माणसाच्या छातीत मावेल तेवढीच ओळ. श्वास संपला की ओळ संपते, मग दुसरी बाजू उचलते. अशी चाल बैठकीत आणायची तर तिचं लांबलचक आलाप-प्रकरण करणं सोपं होतं. कुमारांनी आखूडपणा राखला, हे त्यांचं खरं मोठेपण. ‘गीत वर्षा’सारख्या कार्यक्रमांपेक्षा मला म्हणूनच त्यांचे राग जास्त प्रामाणिक वाटतात. मैफलीतलं लोकगीत कितीही सुंदर असो, ते लोकगीत असल्याचा दावा करतं आणि मागे तंबोरा वाजत असतो. राग तसा दावा करत नाही.

पण एक हिशेब उरतो. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ आलं, त्यातल्या बंदिशींना कर्ता आहे. मालवती म्हटलं की आपल्याला कुमार आठवतात. ती धून जिच्या गळ्यात होती ती बाई आपल्यापैकी कुणाला आठवते? आम्ही कोड लिहिणारे लोक दुसऱ्याचा चार ओळींचा तुकडा वापरला तरी मूळ लेखकाचं नाव फाईलच्या माथ्यावर ठेवतो. (निदान ठेवायला हवं. खरं काय चालतं ते सोडा.)

हे जमत नव्हतं असंही नाही. हंगेरीचा बेला बार्टोक १९०६पासून कोडायबरोबर मेणाच्या नळकांड्यांवर खेड्यातली गाणी भरत फिरला. त्याच्या टिपणांत गावाचं नाव असतं, बऱ्याचदा गाणाऱ्याचं नाव आणि वयही. ज्या दाईचं गाणं ऐकून १९०४ साली त्याला हा नाद लागला, ती लिडी डोशा आज संगीताच्या इतिहासात आहे. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज त्या ‘परी’च्या संकेतस्थळावर वाचताना सोबत गाणारीचं नाव आणि गाव मिळतं. ती संगीतकारांची नव्हे, समाजशास्त्राची मेहनत होती. कदाचित म्हणूनच नावं टिकली. संगीतकाराला सूर हवा असतो, समाजशास्त्राला माणूस.

झाडीपट्टीत डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडारीवर मोठं काम केलं. रोवणीच्या गाण्यांतून राग काढणारा कुमार मात्र इकडे आला नाही. आता बांधीवर फोन वाजतो, आणि त्याच फोननं कुणी आजीचं गाणं भरून घरच्या ग्रुपवर टाकतं. फाईलचं नाव फोन स्वतःच देतो: तारीख आणि वेळ. आजीचं नाव हातानं लिहावं लागतं.