जंतरमंतरची डागडुजी : इमारत सावरली, यंत्राचे काय?

सवाई जयसिंहाने १८व्या शतकात दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा येथे वेधशाळा उभारल्या. मथुरेची नामशेष झाली, बाकी चारही आज वारसास्थळे म्हणून जपल्या जातात. पण ही बांधकामे म्हणजे मोजमापाची यंत्रे आहेत. त्यांच्या डागडुजीत आजवर गवंडीकामाकडे जेवढे लक्ष गेले, तेवढे वेधाकडे गेलेले नाही.

जयपूरचे मोठे सम्राट यंत्र, म्हणजे भव्य सूर्यघड्याळ, याचे चांगले उदाहरण. सुमारे २७ मीटर उंच त्रिकोणी भिंतीची तिरपी कड ध्रुवाकडे रोखलेली आहे आणि दोन्ही बाजूंच्या चापांची त्रिज्या सुमारे १५ मीटर आहे. चापावर सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. भिंतीच्या कडेला बाजूने पाच मिलिमीटर जादा गिलावा चढला, तर दुपारच्या सुमाराची वेळ साडेचार सेकंदांनी चुकते. चापाच्या पृष्ठावर तेवढाच थर चढला तर फारसे बिघडत नाही, कारण सावली त्रिज्येच्याच दिशेने येते. कुठली जागा नाजूक आहे हे भूमितीच सांगते. ते गवंड्याला आधी समजावून द्यावे लागते आणि नेमके तेच राहून जाते.

सावलीची धारही स्वच्छ नसते. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्यामुळे चापावर सुमारे १४ सेंटिमीटर रुंदीची पुसट उपछाया पडते. तिथे ताणलेला दोरा धरून कड शोधण्याची युक्ती वापरता येते. षष्ठांश यंत्र या दुसऱ्या यंत्राच्या अंधाऱ्या खोलीत मात्र छिद्रातून सूर्याची गोल प्रतिमाच पडते. मध्यान्ही तिच्या दोन्ही कडा वाचून काढलेली सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) गणिताने आलेल्या क्रांतीशी ताडली की यंत्राची चूक लगेच कळते. अंशांकनाची याहून सोपी कसोटी नाही.

जयपूरची मोठी दुरुस्ती १९०१-०२ मध्ये लेफ्टनंट गॅरेट आणि पंडित चंद्रधर शर्मा गुलेरी यांनी केली. तिच्यात यंत्राचे गणित आणि बांधकाम यांचा एकत्र विचार होता. दिल्लीत मात्र परिस्थिती बिकट आहे. मापखुणा बऱ्याच ठिकाणी पुसल्या गेल्या आणि भोवतालच्या उंच इमारतींनी क्षितिज अडवले. तिथे नेहरू तारांगणाच्या एन. रत्नश्री यांनी विद्यार्थ्यांना घेऊन प्रत्यक्ष वेध घेत यंत्रे तपासली. या क्षेत्रातले हे सर्वांत आश्वासक काम.

उज्जैनचा धडा वेगळा आहे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये ती वेधशाळा दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपटे पहिले अधीक्षक झाले. हेतू वापराचा होता. १९४२ पासून तिथून वार्षिक पंचांग निघते. सम्राट यंत्रावरची वेळ भारतीय प्रमाणवेळेत आणण्यासाठी नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे साडेदहा मिनिटे मिळवावी लागतात, तर फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे ४१. या दुरुस्त्यांचा तक्ता यंत्राजवळच असतो. रोज वाचले जाणारे यंत्र चुकले की ते कुणाच्या तरी लक्षात येतेच.

साहित्याबाबत फारसा वाद उरलेला नाही. चुन्याच्या जुन्या कामावर सिमेंट लावले की ओल आत कोंडते आणि मापपट्टी उखडते. खरा प्रश्न क्रमाचा आहे. आधी सूर्य-ताऱ्यांच्या वेधाने याम्योत्तर (उत्तर-दक्षिण) रेषा आणि ध्रुवोन्नती (ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची) निश्चित करायची, मग कड बसवायची, सर्वांत शेवटी खुणा कोरायच्या. जुन्या आराखड्यावरून खुणा उतरवल्या तर जुन्या चुकाही उतरतात. असे यंत्र नव्याने रंगवलेले असते, दुरुस्त झालेले नसते.