पदरमोडीची कविता

लंडनमधल्या सदर्क भागात रात्रीपुरतं अंथरूण भाड्याने देणारं एक स्वस्त वसतिगृह होतं. तिथे एक लंगडा माणूस शेगडीजवळ डोळे मिटून, झोपेचं सोंग घेऊन बसायचा. भोवतालच्या फिरस्त्यांना कळू नये म्हणून तो कविता मनातल्या मनात जुळवायचा आणि एकांत मिळाला की कागदावर उतरवायचा. त्याचं नाव विल्यम हेन्री डेव्हिस, जन्म १८७१, गाव वेल्समधलं न्यूपोर्ट. सोन्याच्या शोधात क्लॉन्डाइककडे निघाला असताना कॅनडात चालत्या आगगाडीत चढायला गेला आणि पाय गमावून बसला. तिथून परतल्यावर त्याने ठरवलं, कवीच व्हायचं. उसने पैसे काढून त्याने सुट्या कागदांवर कविता छापून घेतल्या आणि दारोदार विकायला निघाला. कुणी घेईना. संतापाच्या भरात त्याने तो सगळा गठ्ठा शेगडीत घातला.

वेल्समधल्या स्वयंप्रकाशनाचा विचार करताना मला नेहमी आधी ती शेगडी आठवते. कारण डेव्हिस तिथे थांबला नाही. आजीच्या वारशातून त्याला दर आठवड्याला काही शिलिंग मिळत. ते साठावेत म्हणून तो काही महिने सुया, टाचण्या, बुटांच्या नाड्या विकत गावोगाव हिंडला. १९०५ साली एका छापखान्याला एकोणीस पौंड देऊन त्याने ‘द सोल्स डिस्ट्रॉयर’ हा छोटा संग्रह काढला. प्रती दोनशेच्या आसपास. दुकानदार त्याला उभा करणार नव्हताच. म्हणून त्याने नामांकितांची सूची असलेला ‘हूज हू’ हा ग्रंथ उघडला, त्यातून माणसं निवडली आणि प्रत्येकाला एकेक प्रत टपालाने पाठवली. सोबत विनंती : अर्धा क्राउन पाठवा. बर्नार्ड शॉने एकदम आठ प्रतींचे पैसे धाडले आणि त्या कोणाकोणाला पाठवाव्यात तेही सुचवलं. आर्थर सेंट जॉन अॅडकॉक या पत्रकाराच्या हाती एक प्रत गेली, त्याने दखल घेतली. दोन वर्षांनी एका प्रकाशकाने तेच पुस्तक रीतसर काढलं, आणि १९०८ मध्ये शॉच्या प्रस्तावनेसह डेव्हिसचं भटकेपणाचं आत्मचरित्र आलं. निवांत उभं राहून जग पाहायला वेळ नसलेल्या आयुष्याबद्दलची त्याची ‘लेझर’ ही १९११ मधली कविता आपल्याकडेही शाळेच्या इंग्रजी पुस्तकांतून अनेकांना भेटलेली आहे.

ही हकिगत सहसा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला त्यात दुसरंच काही दिसतं. सुटे कागद आणि संग्रह, दोन्ही त्याने पदरमोड करूनच छापले. पहिल्या खेपेला समोर नुसतं बंद दार होतं. दुसऱ्या खेपेला त्याने वाचणारा माणूस आधी हेरला आणि पुस्तक त्याच्या नावाने पाठवलं. एकोणीस पौंडांत छपाई विकत मिळाली, वाचक मात्र त्याला वेगळा शोधावा लागला. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या वेल्श लेखकाचा खरा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षं हाच आहे. छापणं जसजसं सोपं झालं, तसतसा तो अधिक उघडा पडत गेला.

छपाईच्या बाबतीत वेल्सची सुरुवातच परावलंबी होती. वेल्श भाषेतलं पहिलं छापील पुस्तक १५४६ चं, पण ते लंडनमध्ये निघालं. छापखान्यांवरचे निर्बंध १६९५ मध्ये गळून पडेपर्यंत वेल्समध्ये रीतसर यंत्र बसवायची सोयच नव्हती. १७१८ मध्ये आयझॅक कार्टरने टायवी नदीकाठच्या ट्रेव्हेडिन या खेड्यात पहिला छापखाना घातला. पुढे १७७६ मध्ये उत्तरेत ट्रेव्हरिव्हला डेव्हिड जोन्सने आणखी एक उभारला. अशा छापखान्यांतून निघालेले पोवाड्यांसारखे कथागीतांचे चार-आठ पानी चोपडे जत्रांमध्ये गाऊन विकले जात. छापणारा गावातला, गाणारा गावातला आणि घेणाराही तिथेच उभा. स्वतः छापून स्वतः विकण्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. तो वाटायला लागला लंडनच्या मोठ्या प्रकाशनसंस्थांकडे डोळे लागल्यानंतर, आणि त्यातून आलेली खंत इंग्रजीत लिहिणाऱ्या वेल्श लेखकांच्या मनात अजून आहे.

ती खंत झुगारून देण्याचा एक सुंदर प्रयत्न १९४१ मध्ये झाला. बेथेस्डाजवळच्या डोंगरात ब्रेंडा चेंबरलेन आणि जॉन पेट्स हे दोघे चित्रकार एक छोटं हातयंत्र चालवत. जवळून वाहणाऱ्या कासेग नदीवरून त्यांनी छापखान्याला नाव दिलं ‘कासेग’, म्हणजे घोडी. अॅबरडेअरजवळच्या कोळशाच्या खोऱ्यात वाढलेला आणि तेव्हा सैन्यात असलेला अॅलन लुइस हा तरुण कवी त्यांच्याकडे एक कल्पना घेऊन आला : एका मोठ्या कागदावर एकदोन कविता आणि लाकडात कोरलेलं एक चित्र छापायचं, किंमत सामान्य माणसाला परवडेल अशी ठेवायची, म्हणजे कविता कामगाराच्या घरात भिंतीवर लागेल. असे सहा कागद निघाले. त्यांत लुइस आणि चेंबरलेन यांच्याबरोबर डिलन थॉमस आणि लिनेट रॉबर्ट्सही होते. खप बेताचा झाला आणि १९४२ मध्ये काम थांबलं. १९७० साली चेंबरलेनने त्या वेळचा पत्रव्यवहार पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. तो वाचताना जाणवतं की यांचा बराचसा वेळ कागद, शाई आणि पैसा यांत गेला. पण कोणती कविता घ्यायची, चित्राने तिला झाकून तर टाकलं नाही ना, या चर्चेत कुणी कसूर केली नाही. तीन माणसांनी एकमेकांचं काम निरखून पाहिलं. व्यवहारात तो उद्योग बुडाला, पण त्याची निवड फसली नाही.

आर. एस. थॉमसची गोष्ट याच्या उलटी आहे. तो एकटा होता. १९४२ पासून मॉन्टगोमरीशरमधल्या मानाफॉन या डोंगराळ गावाचा तो धर्मोपदेशक. चिखलात वाकून काम करणारे अबोल शेतकरी त्याच्या कवितेत येत, आणि लंडनला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पहिला संग्रह १९४६ मध्ये कार्मार्थनच्या एका लहान प्रकाशनाने काढला. दुसरा, ‘अॅन एकर ऑफ लँड’, त्याने १९५२ मध्ये स्वतःच्या खर्चाने जवळच्या न्यूटाउनमधल्या छापखान्यातून काढला. तो तसाच पडून राहिला असता. पण बीबीसीच्या ‘द क्रिटिक्स’ या कार्यक्रमात अॅलन प्राइस-जोन्सने त्याची तारीफ केली आणि आवृत्ती संपली. प्राइस-जोन्स तेव्हा ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’चा संपादक होता. त्याचे आजोबा म्हणजे न्यूटाउनचेच फ्लॅनेलचे व्यापारी प्राइस प्राइस-जोन्स, एकोणिसाव्या शतकात टपालाने माल विकण्याचा धंदा उभा करणाऱ्यांतले अग्रणी. ज्या गावाने कापड दूरदूरच्या घरांत पोचवलं त्याच गावात छापलेली कविता त्याच घराण्यातल्या माणसाने रेडिओवरून पोचवली. हा योगायोगच, पण छापलेल्या गोष्टीला वाहून नेणारा लागतो हे यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

थॉमसबद्दल आणखी एक नोंदवावंसं वाटतं. १९५५ मध्ये रूपर्ट हार्ट-डेव्हिसने जॉन बेचमनच्या प्रस्तावनेसह त्याचं ‘साँग अॅट द इयर्स टर्निंग’ काढलं, तेव्हा आधीच्या पुस्तकांतल्या कविता सरसकट घेतल्या नाहीत, निवडून घेतल्या. आपल्या पैशाने छापलेलं एखादं पान वगळायला मन घट्ट करावं लागतं. ज्याच्याकडे ते मन असतं त्याचंच स्वयंप्रकाशन पुढे कुठेतरी पोचतं, असं माझं वाचन सांगतं.

आजच्या वेल्समध्ये लेखकासाठी व्यवस्था नाही असं म्हणता येणार नाही. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे ५ लाख ३८ हजार भरले. एवढ्या लहान भाषेत पुस्तकांचा धंदा स्वतःच्या पायावर उभा राहणं अवघडच. म्हणून १९६१ मध्ये स्थापन झालेली अॅबरिस्टविथची ग्रंथपरिषद प्रकाशकांना अनुदान देते आणि पुस्तकांचं वितरणही सांभाळते. तालिबॉन्टची ‘अ लोल्वा’, कवितेसाठी ओळखली जाणारी ‘सेरेन’, १९८६ मध्ये लोकांना शेअर विकून उभी राहिलेली स्त्रियांची ‘होनो’, ‘पार्थियन’ अशा चांगल्या संस्था आहेत. पण अनुदानाचा ओघ प्रकाशकाच्या दारातून जातो. ज्याला ते दार उघडलं नाही, तो बाहेर. वर्षाला मोजकीच पुस्तकं काढू शकणाऱ्या संस्थांनी नाकारलं म्हणजे लेखन वाईट, असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे. अनेकदा त्या वर्षीची यादी भरलेली असते, एवढंच.

लेखकापुढे असलेल्या काही वाटा तर स्वयंप्रकाशनातूनच निघालेल्या आहेत. माइक स्टीव्हन्सने मर्थर टिडव्हिलमध्ये ‘ट्रिस्केल’ हे छोटं प्रकाशन काढलं आणि १९६३ मध्ये हॅरी वेब आणि पीटर ग्रिफिथ यांच्याबरोबर स्वतःच्याही कविता छापल्या. दोन वर्षांनी त्यानेच ‘पोएट्री वेल्स’ हे नियतकालिक सुरू केलं, आणि ते आजही चालू आहे. २०१७ च्या सुमारास यस्टिन टाइन, ग्रिग म्यूज आणि त्यांच्या सोबत्यांनी वेल्श भाषेत ‘अ स्टॅम्प’ हे नियतकालिक काढलं आणि त्याच्याच नावाखाली कवितांच्या पुस्तिका काढायला लागले. अशा ठिकाणी कवी एकटा छापत नाही, टोळी जमवून छापतो. आपल्या लघुअनियतकालिकांच्या काळाशी ज्यांचा संबंध आला त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

एकट्याने छापणाऱ्याला आता संगणक पुरतो. २००७ मध्ये अॅमेझॉनने किंडलबरोबर लेखकाला थेट पुस्तक चढवायची सोय दिली. त्या व्यवस्थेने स्वीकारलेल्या भाषांमध्ये वेल्श आहे, तशी आपली मराठीही आहे. ठरावीक किमतीच्या पट्ट्यात लेखकाला ७० टक्के, त्याबाहेर ३५ टक्के मिळतात. छापील प्रत मागणीनुसार एकेक निघते, त्यामुळे खाटेखाली गठ्ठे साठत नाहीत. खर्च मात्र अजून आहे. ब्रिटनमध्ये एका पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक सुटा घ्यायचा तर नव्वद पौंडांच्या वर मोजावे लागतात. आपल्याकडे तो सरकारकडून मोफत मिळतो, याची किंमत आपल्याला वाटत नाही.

या सोयीचा कवितेला आणि कादंबरीला सारखा फायदा झाला, असं मला वाटत नाही. गुन्हेकथा, अद्भुतकथा, मालिकेने येणाऱ्या कादंबऱ्या यांना पडद्यावरचा वाचक सापडतो; एक आवडली की तो पुढची घेतो. पण कादंबरीला संपादकाचा हात जितका लागतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाला. तीनशे पानांत दुसऱ्या प्रकरणातली व्यक्ती विसाव्या प्रकरणात विनाकारण बदलली तर लेखकाला ते दिसत नाही. पैसे वाचवायला संपादक गाळला की कथानक दमदार असूनही मधला भाग सैल पडतो. कवितेचं पुस्तक तीस-चाळीस पानांचं, चार वेळा मोठ्याने वाचून तपासता येतं, आणि काव्यवाचनाच्या संध्याकाळी हातोहात खपतं. म्हणून स्वतः काढलेली वेल्श पुस्तिका आजही ताठ उभी राहते असं मी मानतो, आणि तशाच मार्गाने आलेल्या कादंबरीबद्दल तेवढ्या खात्रीने बोलत नाही.

मुद्रणातली एक बारीक गोष्ट सांगतो. वेल्शमध्ये डब्ल्यू आणि वाय हे स्वरही आहेत आणि त्यांच्यावर छपरासारखं चिन्ह येतं. वेल्श लोक त्याला ‘तो बाख’ म्हणतात, म्हणजे छोटं छप्पर. ए आणि ओ वरचं छप्पर कुठल्याही फाँटमध्ये असतं, डब्ल्यूवरचं प्रत्येकात असतंच असं नाही. घाईने बनवलेल्या पुस्तकात ते उडतं, किंवा त्या जागी चौकोन येतो, आणि शब्दाचा अर्थही बदलू शकतो. आपल्याकडे ‘ऱ्या’ तुटून ‘र्या’ झालेला पाहिला की जसं टोचतं, तसंच. चांगला मुद्रक हे न सांगता पाहायचा. आता तेही लेखकानेच पाहायचं आहे.

एक जागा मात्र वेल्श लेखकाला अशी आहे की तिचा मला हेवा वाटतो. राष्ट्रीय आयस्टेद्‌वॉद या वेल्श भाषेच्या वार्षिक महोत्सवातल्या स्पर्धांना लेखन टोपणनावाने पाठवतात. परीक्षकांचे अभिप्राय, जिंकलेल्याबद्दलचे आणि हरलेल्याबद्दलचेही, दरवर्षी पुस्तकात छापून महोत्सवाच्या आठवड्यातच विक्रीला येतात. योग्य लेखन नसेल तर बक्षीस रोखूनही ठेवतात. पहिल्या संग्रहाआधी कवीला जाणत्यांनी कुठे कमी पडला ते लेखी सांगितलेलं असतं, तेही भिडेविना, कारण नाव ठाऊकच नसतं. इंग्रजीत लिहिणाऱ्या वेल्श लेखकाला असा पहिला वाचक स्वतः शोधावा लागतो.

अॅलन लुइसने तो शोधला होता. १९४२ च्या डिसेंबरमध्ये तो पलटणीबरोबर मुंबईला उतरला आणि पुण्याजवळ निरेच्या छावणीत आला. जबडा मोडून पुण्याच्या इस्पितळात पडून राहिला, पुढे खडकवासल्याच्या तळ्याकाठी राहिला. सह्याद्रीच्या उघड्याबोडक्या उतारांवर, तिथल्या उपाशी शेतकऱ्यावर त्याने ‘द मराठा घाट्स’ ही कविता लिहिली. तोवर त्याचा पहिला कवितासंग्रह आणि कथा लंडनहून निघाल्या होत्या, पदरमोडीची गरज उरली नव्हती. तरीही नव्या संग्रहाचा मजकूर त्याने इंग्लंडमध्ये रॉबर्ट ग्रेव्हज या कवीकडे पोचवला आणि त्याने काढलेल्या खोडी युद्धाच्या टपालाने परत येण्याची वाट पाहत, छावणीतून छावणीत जात, ओळी दुरुस्त करत राहिला. मार्च १९४४ मध्ये अराकानच्या आघाडीवर तो गेला. पुस्तक दुसऱ्या वर्षी, ग्रेव्हजच्या प्रस्तावनेसह निघालं. मराठा घाटांची कविता त्यात आहे.