पी-०१७१ : एक रसग्रहण

सूत्रवाङ्मयाचा काळ संपला असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा आपल्या मोटारीच्या स्टिअरिंगखाली वाकून पाहावे. तिथे सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात यंत्र खुपसले की एक अक्षर आणि चार आकडे उमटतात. पाणिनीनंतर अक्षरांची एवढी काटकसर कोणी केली नसेल. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून हे वाङ्मय सक्तीचे झाले. आपल्याकडे ते २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आले.

आमच्या २०१३ सालच्या गाडीने अलीकडे प्रसिद्ध केलेली कृती म्हणजे पी-०१७१. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा संसार. शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला संकेत. पुढचा एक हवा-पेट्रोलच्या हिशेबाचा, आणि ७१ ही नेमकी तक्रार. अर्थ : 'सिस्टिम टू लीन, बँक वन'. आमच्या शाखेच्या प्रकृतीचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही! पण इथे बँक म्हणजे सिलिंडरांची रांग, आणि लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आमच्या इंजिनात रांग एकच, त्यामुळे बदलीची भीती नाही.

इथवर लेखकाचे कौतुक. दोष वाचकांचा आहे. 'कमी पडते' एवढेच सूत्र सांगते. का कमी पडते ते भाष्यकाराने शोधायचे. हवेची नळी चिरली असेल, पंप थकला असेल, इंजेक्टर तुंबला असेल. आम्ही कॉमर्सवाले हे जाणतो. ट्रायल बॅलन्स जुळला नाही तर तो फक्त फरक दाखवतो. फरकाला नवाने भाग गेला तर आकडे उलटसुलट पडल्याचा संशय घ्यायचा, पण खतावणी चाळावीच लागते. आमच्या गॅरेजचे मत वेगळे. फरक ऑक्सिजन सेन्सरने कळवला ना, मग सेन्सर बदला! वाईट पत्र आणले म्हणून पोस्टमन बदलावा तसे. संकेतात आकडे चार, बिलातही चार.

त्या मानाने पी-०३०१ ही प्रांजळ कृती. पहिला सिलिंडर पेट घेताना चुकतो, असे ती नाव घेऊन सांगते. ज्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते, तिथे पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर बसवून पाहावी. संकेत पी-०३०२ झाला तर गुन्हेगार कॉइल. नाही बदलला तर प्लग, इंजेक्टर पाहावेत. खर्च शून्य. (दिवा लुकलुकू लागला तर मात्र रसग्रहण थांबवून गाडी बाजूला घ्यावी. न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढते, आणि त्याच्या किमतीत विनोद नाही.)

संकेत पुसून टाकणे ही तिसरी शैली. बटण दाबले, दिवा गेला, "साहेब, झालं काम!" दोन-चार दिवसांनी द्वितीयावृत्ती निघते, मजकुरात बदल नाही.

आमच्या पी-०१७१ च्या तीन आवृत्त्या निघाल्या. चौथ्या खेपेला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी यंत्राला हात न लावता, चालू इंजिनावर कान धरून, करंगळीएवढ्या रबरी नळीची चीर दाखवली. नळीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. "नवा सेन्सर दिसतोय," एवढेच म्हणाले, आणि माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिले.